पायी यात्रेनंतरची बधिर बोटे

आळंद, बसवकल्याण या बाजूंची मंडळी कोजागिरीला तुळजापुरास पायी जातात. परतल्यावर कित्येकांच्या पायाची बोटे बधिर राहतात. हा देवीचा कोप नव्हे. मैलोन्‌मैल चालल्याने पंजाच्या हाडांमधून बोटांकडे जाणारे बारीक मज्जातंतू दाबले जातात. पाय सुजून वहाणेचा पट्टा आवळला की अधिकच. विसावा व सैल पादत्राण मिळाल्यास बधिरपणा बहुधा काही दिवसांत, कधी काही आठवड्यांनी ओसरतो. शेकाची मात्र आम्हांस धास्ती वाटते, कारण बधिर बोटास चटका कळत नाही. मधुमेह्याने तर अनवाणी चालूच नये. नवस दुसऱ्या रीतीनेही फेडता येतो. बधिरपणा हटेना, किंवा अंगावर स्पर्श न कळणारा फिकट वा लालसर चट्टा दिसला, तर मधुमेह व कुष्ठरोगाची तपासणी करवावी. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते.