'लाइन' : एक शब्द, अनेक संसार



परभाषेंतला शब्द प्रथम पाहुण्यासारखा ओसरीवर येतो आणि कांहीं वर्षांनीं माजघरांत बसलेला दिसतो. इंग्रजीतील 'लाइन' हा शब्द असाच आहे. आमच्या धरमपेठेंत तो दिवसाकाठीं किती वेळां कानीं पडतो, तें सहज मोजून पाहावें.

दुकानापुढें माणसें लाइनींत उभीं राहतात. तेथें ती रांग होय. मूल वहींत लाइन ओढतें, ती रेघ. धड्यांतील लाइन वाचतें, ती ओळ. मे महिन्यांत पंखा थांबला कीं घरोघर एकच उद्गार निघतो, 'लाइन गेली!' येथें लाइन म्हणजे वीज. टेलिफोनची लाइन मिळत नाहीं, म्हणजे संबंध जुळत नाहीं. आणि 'चिरंजीव कोणत्या लाइनींत आहेत?' असें विचारणारे गृहस्थ धंद्याची चौकशी करीत असतात.

आतां वस्त्यांचीं नांवें पाहा. लष्करांत शिपायांच्या राहण्याच्या जागा ओळीनें बांधीत. त्यांस 'लाइन्स' म्हणत. १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें, इंग्रजी अंमल आला, आणि मुलकी अधिकाऱ्यांच्या वस्तीस 'सिव्हिल लाइन्स' हें नांव मिळालें. बंगले ऐसपैस, परंतु नांव शिपायांच्या खोल्यांचें! 'पोलीस लाइन टाकळी' या नांवांत मूळ अर्थ अधिक जवळून दिसतो.

१८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोहोंचली आणि रुळांची लाइन लोकांच्या डोळ्यांपुढें आली. मुलगा 'लाइनीला लागला' किंवा त्याची 'लाइन चुकली' असें आपण म्हणतों, तेव्हां मनांत बहुधा हेच रूळ असतात. रुळावरून घसरलेल्या गाडीची गति काय होते, हें सांगावयास नको.

परंतु या शब्दाचें मूळ लोखंडांत नाहीं. लॅटिन भाषेंत जवसास 'लिनम' म्हणत. त्याच्या तंतूंचा दोरा तो 'लिनिआ', आणि त्यापासून 'लाइन'. ज्या जवसाची चटणी आपण वऱ्हाड-नागपुराकडील लोक भाकरीशीं खातों, तेंच हें जवस! विटांचा थर सरळ यावा म्हणून गवंडी दोरी ताणतो; तेथें हा शब्द आपल्या माहेरीं आहे. आपल्या 'सूत्र' शब्दाची वाटहि अशीच: आधीं दोरा, मग नियम.

हें शब्दकोशांतलें कुतूहल मीं उगाच सांगितलें नाहीं. शाळेंत असतांना एका विद्यार्थ्यास मीं म्हटलें होतें, 'चित्रें काढणें ही कांहीं लाइन नव्हे.' दुसऱ्या दिवसापासून त्यानें रंगपेटी आणली नाहीं. मुलगा मार्गावर आला असें वाटून तेव्हां मला समाधान झालें. आज तें समाधान राहिलेलें नाहीं. माझ्या मनांत रूळ होते. दोरा असता, तर तो वळतो, गुंतला तर सोडवितां येतो, तुटला तरी गांठ मारून पुढें नेतां येतो, हें ध्यानांत आलें असतें.

म्हणून विनंती एवढीच, कीं रांगेला लाइन म्हणावें, विजेलाहि खुशाल म्हणावें. परंतु एखाद्या मुलाची लाइन चुकली असें म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, आणि आपल्या मनांत रूळ आहेत कीं दोरा, तें पाहावें.