सर्दी-पडशावरील घरगुती उपचार

सर्दी-पडसे आणि फ्लू (इन्फ्लुएंझा) यांच्या हंगामात कुटुंबातील व्यक्तींना संसर्ग होऊ नये किंवा झाल्यास त्रास कमी व्हावा, यासाठी घरातच केल्या जाणाऱ्या उपायांना सर्दी-पडशावरील घरगुती उपचार म्हणतात. महाराष्ट्रात यांत प्रामुख्याने काढा, हळदीचे दूध, वाफारा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ओव्याचा शेक, मऊ आहार आणि विश्रांती यांचा समावेश होतो. यांतील बहुतेक उपाय विषाणूला मारत नाहीत. शरीर स्वतः विषाणूचा बंदोबस्त करत असताना ते रुग्णाला आराम देतात आणि अनावश्यक औषधांपासून दूर ठेवतात. मात्र एखादा उपाय नैसर्गिक असला म्हणजे तो निरुपद्रवी असतोच असे नाही. तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर काही परंपरागत उपाय धोकादायक ठरतात.

आजारांचे स्वरूप

बोलीभाषेत सर्दी, पडसे, कणकण, फ्लू हे शब्द सरमिसळीने वापरले जातात. आयुर्वेदात या लक्षणसमूहास 'प्रतिश्याय' अशी संज्ञा आहे. आधुनिक वैद्यकानुसार साधी सर्दी अनेक प्रकारच्या विषाणूंमुळे होते. त्यांपैकी र्‍हायनोव्हायरस सर्वाधिक आढळतो व त्याचे १६० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. एका प्रकाराविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यास पुरेशी उपयोगी पडत नाही. त्यामुळे प्रौढांना वर्षातून दोन-तीनदा, तर लहान मुलांना सहा ते आठ वेळाही सर्दी होऊ शकते. शाळेत नव्याने जाऊ लागलेल्या मुलाचे नाक सतत वाहते, याचा अर्थ त्याची प्रतिकारशक्ती कमकुवत आहे असा बहुधा नसतो.

सर्दी हळूहळू सुरू होते: घसा खवखवतो, शिंका येतात, नाक वाहते किंवा चोंदते. सात ते दहा दिवसांत ती आपोआप बरी होते; खोकला मात्र तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. फ्लू इन्फ्लुएंझा विषाणूमुळे होतो. त्यात एकाएकी जोराचा ताप येतो, अंग मोडून येते, डोके दुखते आणि रुग्ण अंथरुणाला खिळतो. गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि मधुमेह, दमा वा हृदयविकार असलेल्या व्यक्ती यांना फ्लूमुळे न्यूमोनियासारखी गंभीर गुंतागुंत होऊ शकते. म्हणूनच साध्या सर्दीत केवळ घरगुती उपचारांवर विसंबणे सहसा योग्य ठरत असले, तरी फ्लूबाबत तसे म्हणता येत नाही.

हंगाम

भारतात फ्लूचे रुग्ण वर्षातून दोनदा वाढतात: जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्यात किंवा पावसाळा सरताना. महाराष्ट्रात पावसाळी लाट विशेष ठळक असते. जूनमध्ये शाळा उघडतात, पावसामुळे घराच्या व वर्गाच्या खिडक्या बंद राहतात, बस व लोकलमध्ये गर्दी कोंडलेल्या हवेत प्रवास करते. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या (एच१एन१) जागतिक साथीत भारतातील पहिला मृत्यू ऑगस्ट महिन्यात पुण्यात नोंदवला गेला व शहरातील शाळा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या.

पावसात भिजल्याने किंवा थंड पाणी प्यायल्याने सर्दी होते, हा समज सार्वत्रिक आहे. विषाणूचा संपर्क आला नसेल तर केवळ भिजण्याने सर्दी होत नाही. तथापि र्‍हायनोव्हायरस शरीराच्या आतील तापमानापेक्षा नाकातील ३३ अंश सेल्सियसच्या आसपासच्या तापमानात अधिक चांगला वाढतो, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. त्यामुळे गारठ्याचा व सर्दीचा संबंध अगदीच निराधार ठरत नाही. दही, केळे, पेरू, सीताफळ यांना 'सर्दीची फळे-पदार्थ' मानून मुलांना ते वर्ज्य करण्यास मात्र पुरावा नाही. आजारी मुलाचे खाणे आधीच कमी झालेले असताना अशा पथ्याने नुकसानच अधिक होते.

घरातील प्रसार व प्रतिबंध

एका घरातील सर्वजण पाठोपाठ आजारी पडणे हे नेहमीचे चित्र आहे. शिंकताना-खोकताना उडणारे तुषार, बंद खोलीत तरंगत राहणारे सूक्ष्म कण आणि दूषित हात या तीन मार्गांनी विषाणू पसरतो. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच संसर्ग देऊ लागतो व पुढे पाच ते सात दिवस देत राहतो. त्यामुळे लक्षणे दिसल्यावर घेतलेली काळजी काहीशी उशिराचीच असते. तरीही ती उपयोगी पडते.

साबणाने किमान २० सेकंद हात धुणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. साबणामुळे इन्फ्लुएंझा विषाणूचे मेदयुक्त आवरण फुटते. र्‍हायनोव्हायरसला असे आवरण नसते. तो हातावरून चोळून व वाहत्या पाण्याने निघून जातो. म्हणून सर्दीच्या बाबतीत हात निर्जंतुक करणाऱ्या अल्कोहोलयुक्त द्रवापेक्षा साबण-पाणी अधिक भरवशाचे ठरते. रुग्णाला स्वतंत्र खोली देणे अनेक घरांत शक्य नसते. एका खोलीच्या घरात समोरासमोरच्या खिडक्या-दारे दिवसातून काही वेळा उघडून हवा खेळती ठेवणे, रुग्णाने मास्क लावणे, त्याचा टॉवेल व पेला वेगळा ठेवणे आणि आजी-आजोबांचे व तान्ह्या बाळाचे अंथरूण त्याच्यापासून दूर घालणे, एवढे करता येते. पाहुण्यांनी बाळाचे मुके घेण्याची हौस या काळात आवरलेली बरी.

झोपेचे महत्त्व अनेकदा दुर्लक्षिले जाते. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५३ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात र्‍हायनोव्हायरसचे थेंब घालण्यात आले. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास वा अधिक झोपणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळली. क जीवनसत्त्वाविषयीचा उत्साह त्या मानाने कमी सार्थ ठरला आहे. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या १९७० मधील पुस्तकामुळे तो जगभर पसरला. परंतु पुढील चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात नियमित सेवनाने सर्वसामान्य लोकांतील सर्दीचे प्रमाण घटत नाही, फक्त तिचा कालावधी प्रौढांत सुमारे ८ टक्क्यांनी कमी होतो, असे दिसले. आवळा, लिंबू, पेरू आहारात असावेत. ते सर्दीवरील औषध मात्र नव्हे.

काढा, हळद आणि आहार

आले किंवा सुंठ, तुळस, गवती चहा, मिरी, दालचिनी, लवंग, ज्येष्ठमध, अडुळसा यांपैकी काही घटक पाण्यात उकळून, आटवून काढा तयार करतात. घटक व प्रमाण घराघरांत वेगळे असते. २०२० मध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयाने 'आयुष क्वाथ' या नावाने तुळस चार भाग, दालचिनी व सुंठ प्रत्येकी दोन भाग आणि मिरी एक भाग असे प्रमाण सुचवले. ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठात झालेल्या एका अभ्यासात गरम पेयामुळे नाक वाहणे, खोकला, घसादुखी व थकवा यांपासून तत्काळ आराम वाटतो, परंतु नाकातून जाणाऱ्या हवेचे मोजमाप बदलत नाही, असे आढळले. काढ्याच्या गुणाचा मोठा वाटा त्याच्या उष्णतेत, चवीत आणि पोटात जाणाऱ्या पाण्यात असावा, असे यावरून म्हणता येते.

हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य आतड्यातून अत्यल्प प्रमाणात शोषले जाते. मिरीतील पायपरिनमुळे हे शोषण वाढते. दुधात हळदीसोबत चिमूटभर मिरपूड घालण्याच्या प्रथेला त्यामुळे काही आधार मिळतो. हळदीच्या दुधाने सर्दीचे दिवस कमी होतात असे मात्र सिद्ध झालेले नाही.

काढा अति घेतल्यास छातीत जळजळ होते व तोंड येते. ज्येष्ठमधाच्या दीर्घ सेवनाने रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी ते टाळावे. गुळवेलीविषयी वाद आहे. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला व वनस्पतीची ओळख पटवण्यात चूक झाली असण्याची शक्यता मांडली. बाजारातून वा कुंपणावरून आणलेल्या वेलीची खात्री सामान्य माणसाला देता येत नाही, ही अडचण दोन्ही बाजूंच्या म्हणण्यातून दिसते.

आजारपणात मऊ भात, मेतकूट-तूप, भाताची पेज, मुगाची खिचडी, आमसुलाचे सार, कुळथाचे पिठले किंवा कोंबडीचा पातळ रस्सा देण्याची पद्धत आहे. हे पदार्थ पचायला हलके असून त्यांतून पाणी व मीठ मिळते. तापात लघवी कमी वा गडद होत असेल तर पाणी पुरेसे जात नाही असे समजावे.

वाफारा, गुळण्या व शेक

कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी घशाला आराम पडतो. जपानमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज साध्या पाण्याच्या गुळण्या करणाऱ्यांमध्ये श्वसनमार्गाचे संसर्ग कमी आढळले. आयोडीनयुक्त द्रावणाने मात्र तसा लक्षणीय फायदा दिसला नाही.

वाफाऱ्याने चोंदलेले नाक काही काळ मोकळे वाटते, परंतु आजार लवकर बरा होत असल्याचा सातत्यपूर्ण पुरावा नाही. डोक्यावर चादर घेऊन उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाकताना पातेले कलंडून मुले भाजण्याचे अपघात होतात. लहान मुलांना असा वाफारा देऊ नये. नाकात मिठाच्या पाण्याचे (सलाइनचे) थेंब घालणे अधिक सुरक्षित असते. तव्यावर गरम केलेल्या ओव्याच्या पुरचुंडीचा शेक सुखद असतो. मात्र पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहावी.

लहान मुलांसंबंधी धोके

मधामुळे एक वर्षावरील मुलांचा रात्रीचा खोकला कमी होतो, याला चाचण्यांचा आधार आहे. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध चाटवू नये, अगदी बाळगुटीतूनही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते बाळाच्या आतड्यात वाढून स्नायू लुळे पाडणारे विष तयार करतात. मध गरम केल्याने हे बीजाणू नष्ट होत नाहीत.

साथीच्या काळात हुंगण्यासाठी लोकप्रिय होणारा कापूर पोटात गेल्यास मुलांना झटके येऊ शकतात. बाळाच्या नाकात तेल सोडल्यास ते फुप्फुसात उतरून दाह होतो. बाळंतिणीच्या खोलीत दिली जाणारी वेखंड-ओव्याची धुरी हा बाळाच्या श्वासनलिकेसाठी शेवटी धूरच असतो. तापासाठी मुलांना ॲस्पिरिन देऊ नये, कारण फ्लूमध्ये त्यामुळे राय सिंड्रोम हा मेंदू व यकृताचा गंभीर विकार होऊ शकतो.

दुकानातील औषधेही निर्धोक नसतात. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकोल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधामुळे अनेक बालकांची मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाले. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत व पाच वर्षांखालील मुलांनाही ती सामान्यतः देऊ नयेत, अशी सूचना पुन्हा प्रसृत केली. प्रतिजैविकांचा (अँटिबायोटिक) विषाणूंवर काहीही परिणाम होत नाही.

लस आणि वैद्यकीय मदत

कोणताही काढा फ्लूच्या लसीची जागा घेऊ शकत नाही. विषाणू सतत बदलत असल्याने लस दरवर्षी घ्यावी लागते. ती सहा महिन्यांवरील व्यक्तींना देता येते व महाराष्ट्रात पावसाळ्यापूर्वी घेणे सोयीचे असते. फ्लूवरील ओसेल्टामिविर हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांत घेतल्यास अधिक परिणामकारक ठरते. जोखीम असलेल्या व्यक्तीने 'दोन दिवस काढा घेऊन बघू' असे म्हणण्यात हाच वेळ निघून जातो.

धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, गुंगी येणे, ताप उतरून पुन्हा चढणे ही लक्षणे दिसल्यास तातडीने रुग्णालयात जावे. लहान मुलात श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे आणि श्वासाची गती वाढणे ही न्यूमोनियाची चिन्हे होत. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत: दोन महिन्यांखालील बाळात ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० वा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक ही गती धोक्याची मानली जाते. या मोजणीला कोणतेही महाग उपकरण लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील आरोग्यदूतांना व सुईणींना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्याचे प्रशिक्षण दिले. त्यामुळे बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९० मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.