वडगावच्या हर्षदानं पेललेलं वजन

पुण्याहून लोणावळा लोकलनं जाताना वडगाव स्टेशन लागतं. १७७९ मध्ये मराठ्यांनी इंग्रजांना याच वडगावात नमवलं. आता मावळातली माणसं आणखी एक तारीख अभिमानानं सांगू शकतात, २ मे २०२२. त्या दिवशी ग्रीसमधल्या हेराक्लिऑन शहरात वडगावच्या हर्षदा गरुडनं ज्युनिअर जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय! मीराबाई चानूलाही २०१३ मध्ये इथं ब्राँझच मिळालं होतं.

या खेळात दोन प्रकार. स्नॅचमध्ये बार एका झटक्यात जमिनीवरून थेट डोक्यावर न्यायचा. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यावर घ्यायचा, मग डोक्यावर. प्रत्येकात तीन संधी. दोन्हींतल्या सर्वांत जास्त वजनांची बेरीज करायची. हर्षदाचा गट ४५ किलोचा. तिनं ७० आणि ८३, असे एकूण १५३ किलो उचलले. तुर्कस्तानची मुलगी १५० वर थांबली. तांदळाचं ५० किलोंचं पोतं हलवायचं म्हटलं तरी आपण घरातल्या कुणाला तरी हाक मारतो, नाही का?

हे एका दिवसात झालं नाही. वडिलांनी, शरद गरुड यांनी, स्वतः हा खेळ केलेला. वडगावातच दुबे सरांची व्यायामशाळा. त्यामुळे ‘मुलीच्या जातीला हे कशाला?’ हा प्रश्न घरातून आला नाही. २०२० च्या गुवाहाटीतल्या ‘खेलो इंडिया’त तिनं सुवर्ण मिळवलं. जागतिक यशानंतर जुलै २०२२ मध्ये ताश्कंदला आशियाई ज्युनिअर स्पर्धेत १५७ किलो उचलून पुन्हा सुवर्ण!

पुढची वाट मात्र चढणीची. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, २०२४ साली, महिलांचा सर्वांत हलका गट ४९ किलोचा होता. म्हणजे ४५ किलो गटातल्या मुलीला वरच्या गटात जायचं तर अंगातली ताकदही तितकीच वाढवावी लागते.

‘वजन उचललं की पुढं मूल होत नाही,’ असं आजही काही आयाबाया म्हणतात. त्यांना कर्णम मल्लेश्वरीचं नाव सांगा. २००० मध्ये सिडनीला तिनं ऑलिम्पिक ब्राँझ जिंकलं आणि पुढच्याच वर्षी ती आई झाली.

तुमच्या लेकीला आवड असेल तर जाणत्या प्रशिक्षकाकडं घाला. आधी रिकामा बार, नीट पवित्रा, मग वजन. आणि ताटात भाकरीबरोबर उसळ, दूध, चालत असेल तर अंडं, भावाइतकंच तिलाही वाढा.