वंशावळ शोधताना कोणता व्हिडिओ केव्हा पाहावा

यूट्यूबवर ‘वंशावळ कशी काढावी’ असे टाकले की साधारण तीन प्रकारचे व्हिडिओ समोर येतात. पहिले इंग्रजी, बहुतेक अमेरिकेतले. दुसरे मराठी, जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची नोंद कशी मिळवावी ते सांगणारे. तिसरे मोडी लिपीचे. रायगडमधल्या तळा भागातल्या माणसाला तिन्हींचा उपयोग आहे, पण क्रमाने. क्रम चुकला की पाहणे पुष्कळ होते आणि पणजोबा जिथल्या तिथे राहतात.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. शोधायची रीत पडद्यावर शिकता येते. कागद मात्र तळा, माणगाव आणि अलिबागच्या दप्तरांत आहेत. पुढचे टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत.

१. आधी घर, मग मोबाइल

एका वहीत आपल्यापासून वर चार पिढ्या लिहून काढा. आठवत नाही तिथे जागा मोकळी सोडा, अंदाजाने भरू नका. पुढे आपण कोणते व्हिडिओ पाहायचे, हे या मोकळ्या जागाच ठरवतील.

मग घरातली ट्रंक उघडा. जुने रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका, शेतसाऱ्याच्या पावत्या, मुंबईत गिरणीत असलेल्या आजोबांचे हजेरीकार्ड. प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. मागच्या बाजूला कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेली तारीख पुष्कळदा पुढच्या मजकुरापेक्षा जास्त उपयोगी पडते.

२. म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका

‘आजी, तुझा जन्म कधीचा?’ याचे उत्तर बहुतेक वेळा ‘काय ठाऊक बाबा’ असेच येते. त्याऐवजी मोठ्या घटनेला धरून विचारा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुझं लग्न झालेलं का? नागोठण्याला पूर आला तेव्हा काका कितवीला होता? भूकंप १९६७ चा, पूर १९८९ चा. साल आपणच काढायचे.

तोंडी मुलाखत कशी घ्यावी यावर इंग्रजीत चांगले व्हिडिओ आहेत आणि ते इथे जसेच्या तसे लागू पडतात. त्यातल्या दोन सवयी उचला: मोबाइलवर आवाज टिपून ठेवणे, आणि एका बैठकीत एकाच विषयावर बोलणे. चार काका एकदम बसले की जमिनीचा वाद सुरू होतो आणि वंशावळ बाजूला राहते.

३. गावाचा जुना पत्ता काढा

इथे फार लोक अडतात. आज तळा हा रायगड जिल्ह्यातला स्वतंत्र तालुका आहे. पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत तो माणगाव तालुक्यात मोडत होता. जिल्ह्याचे नावही १९८१ पर्यंत कुलाबा होते, आणि त्याच्या मागे गेले की मुंबई इलाखा. त्यामुळे आजोबांच्या कागदावर ‘तालुका माणगाव, जिल्हा कुलाबा’ असेच असणार.

ऑनलाइन शोधतानाही हीच जुनी नावे टाकावी लागतात. ‘रायगड’ टाकून काही आले नाही म्हणजे नोंद नाही, असे समजू नका. तळा, तळे, तल्ला अशी रूपे इंग्रजी स्पेलिंग बदलून पाहा.

आजीचे माहेर म्हसळा, श्रीवर्धन किंवा मुरूडकडचे असेल तर आणखी एक फाटा फुटतो. तो मुलूख जंजिरा संस्थानात होता आणि १९४८ मध्ये भारतात विलीन झाला. तिकडचे जुने दप्तर संस्थानचे आहे, त्याची मांडणी वेगळी.

४. आता इंग्रजी व्हिडिओ, निवडून

फॅमिलीसर्च हे अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीतल्या एका ख्रिस्ती धर्मसंस्थेने चालवलेले मोफत संकेतस्थळ आहे. त्यावर शिकवण्यांचा वेगळा विभाग आहे. त्यांच्याच ‘रूट्सटेक’ या वार्षिक संमेलनातली भाषणे नंतर फुकट पाहता येतात. इंग्रजी भराभर कळत नसेल तर खालची अक्षरे सुरू करा आणि वेग कमी ठेवा.

त्यातले तीन विषय घ्या: कागदाचा उगम कसा नोंदवावा, एकाच नावाची दोन माणसे वेगळी कशी ओळखावी, आणि दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलत असतील तर काय करावे. चर्चची रजिस्टरे आणि घरटी जनगणना यांचे धडे सोडून द्या. आपल्याकडे जनगणनेचे आकडे छापले जातात, घराघरातल्या माणसांची नावे खुली होत नाहीत. तिकडचा संशोधक जनगणनेला धरून मागे जातो, आपण सातबाऱ्याला धरून जायचे.

याच संकेतस्थळावर हिंदू तीर्थक्षेत्रांतल्या पंड्यांच्या वह्यांचे फोटो आहेत, त्यांत हरिद्वारचा भाग मोठा. आपल्याकडच्या घरांसाठी मात्र नाशिक आणि त्र्यंबकेश्वर जवळचे. तिथल्या तीर्थोपाध्यांकडे गाव आणि आडनावावर लावलेल्या नामावळ्या असतात. घरातले कुणी श्राद्धाला किंवा सिंहस्थाला गेले असेल तर त्याच्या तोंडून सांगितलेली भावंडांची, मुलांची नावे तिथे सापडू शकतात. जाताना गावाचे जुने नाव, कुळी आणि आडनाव लिहून न्या.

५. सातबाऱ्यावरून मागे चला

आता मराठी व्हिडिओंची पाळी. सातबारा आणि फेरफार वाचायला शिकवणारे, निवृत्त महसूल कर्मचाऱ्यांनी केलेले एकदोन व्हिडिओ शांतपणे पाहा. सातबारा म्हणजे जमिनीचा उतारा: कोणाच्या नावावर, किती क्षेत्र, काय पीक. फेरफार म्हणजे त्या उताऱ्यावरचे नाव का बदलले याची नोंद.

भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर विनास्वाक्षरीचा सातबारा फुकट पाहता येतो. नावाशेजारी कंसात किंवा वर्तुळात जो आकडा असतो, तो फेरफाराचा क्रमांक. खाली जुन्या फेरफारांचे क्रमांकही ओळीने दिलेले असतात. तेच उतरवून घ्या. जुने कागद जिल्ह्याजिल्ह्याने ऑनलाइन येत आहेत. आपला तालुका यादीत दिसत नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करावा लागतो.

आपल्या कामाचा फेरफार म्हणजे वारसाचा. त्यात अमुक खातेदार अमुक तारखेला मयत, त्यास वारस मुलगे इतके, मुली इतक्या, विधवा पत्नी अमुक, असा मजकूर असतो. एका परिच्छेदात एक पूर्ण घर. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीची ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. म्हणजे नशीब चांगले असेल तर शंभर वर्षांमागचे घर असे समोर उभे राहते.

दोन खुणा नीट समजून घ्या, कारण चूक इथेच होते. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. उताऱ्यावर त्या एकाचेच नाव असते, भाऊ दिसत नाहीत. त्यावरून तो एकुलता एक होता असे लिहून मोकळे होऊ नका. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. तिथे आईचे नाव मुलाच्या वतीने लागलेले असते. त्यातून दोन गोष्टी कळतात: नोंद झाली तेव्हा मुलगा लहान होता आणि बाप बहुधा हयात नव्हता.

आणखी एक अडचण या भागातली. इथे खोती होती. खोत म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणारा वतनदार. कसणारे कूळ असे आणि वरच्या रकान्यात नाव खोताचे. खोती रद्द करण्याचा कायदा १९४९ चा, आणि कुळकायद्याने कसेल त्याची जमीन ठरली १ एप्रिल १९५७ रोजी. आपले घर कुळाचे असेल तर १९५७ च्या आधी पणजोबांना मालकाच्या जागी शोधू नका. ‘इतर हक्क’ या रकान्यात किंवा कुळांच्या नोंदवहीत पाहा.

६. शाळा आणि जन्म-मृत्यूची वही

प्राथमिक शाळेतले जनरल रजिस्टर म्हणजे दाखल झालेल्या मुलांची वही. त्यात मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, कुठून आला, केव्हा गेला. जन्मतारखेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पुष्कळ मुलांची तारीख मास्तरांनी शाळेच्या सोयीने १ जून लावलेली आहे.

जन्म-मृत्यूची जुनी नोंद ‘गाव नमुना १४’ मध्ये असे, तिला लोक कोतवाल बुक म्हणतात. आजची जन्म-मृत्यू नोंदणी १९६९ च्या केंद्रीय कायद्याखाली होते आणि खेड्यात ती ग्रामपंचायतीत मिळते. त्याआधीचे कागद तहसीलला विचारावे.

कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. त्या मोहिमेत राज्यभर जुनी दप्तरे तपासली गेली आणि सापडलेल्या नोंदींची पाने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. दाखला नको असला तरी ती पाने पाहा. गावाचे नाव, नातेवाईक, शेजारी सगळे एका पानावर दिसतात.

७. मोडी: आधी आकडे, मग नावे

जुनी वही उघडली की मोडी येते. मोडी ही मराठीची लपेटीची लिपी, सरकारी कामात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. यूट्यूबवर तिच्या पूर्ण शिकवण्या आहेत. राज्याचे पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ वर्गही घेत आले आहेत.

सगळी बाराखडी एकदम गिरवू नका. पहिल्यांदा आकडे शिका, मग महिने, मग आपल्या गावाचे आणि आडनावाचे वळण. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, हे दोन शब्द ओळखता आले की निम्मी वही उलगडते.

मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. त्यामुळे आपल्याला हवे तेच नाव दिसू लागते. एक उपाय करा: शंकेचे नाव त्याच हाताने दुसऱ्या पानावर कसे लिहिले आहे ते शोधा आणि अक्षर अक्षराशी ताडून पाहा. आपोआप मोडी वाचून देणाऱ्या साधनांचे उत्तर अंदाज म्हणूनच धरा. साल शकात असेल तर ७८ मिळवा. पौष ते फाल्गुनातल्या जानेवारीनंतरच्या दिवसांसाठी ७९.

८. नाव तेच, माणूस तोच असेल असे नाही

आजोबांचे नाव नातवाला ठेवायची चाल किती जुनी, ते पाहायला तळा तालुक्यातच कुडा लेणी आहेत. मांदाडच्या खाडीजवळच्या या बौद्ध लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत. त्यांत शिवभूती नावाचा लेखक, म्हणजे महाभोज या स्थानिक सत्ताधीशाचा कारकून, आपले आईवडील सुलसदत्त आणि उत्तरदत्ता यांची नावे देतो, पत्नी नंदेचेही देतो. त्याचा धाकटा भाऊ शिवम दुसऱ्या लेण्यात पत्नी विजया, मुलगे आणि मुली यांची नावे कोरून घेतो. त्या मुलांत एक पुन्हा सुलसदत्त आहे.

आपल्या दप्तरातही गणू धोंडू आणि धोंडू गणू पिढ्यान्‌पिढ्या आलटून पालटून येतात. म्हणून फक्त नाव जुळले म्हणून जोडू नका. नाव, बापाचे नाव, गाव आणि जमिनीचा गट क्रमांक, यांतल्या निदान तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत.

आडनावाचाही भरवसा मर्यादित. अनेकांचे आडनाव शाळेत किंवा मुंबईत नोकरीला लागताना पक्के झाले. रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी गावावरून पडलेली आडनावे हिंदू, मुसलमान आणि बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरांतही आढळतात. तेव्हा आडनाव सारखे म्हणून भाऊबंद ठरवू नका.

९. बायकांची बाजू रिकामी ठेवू नका

बहुतेक वंशावळींत ‘पत्नी’ एवढाच शब्द असतो. माहेरचे नाव वारसाच्या फेरफारात मुलींच्या यादीत मिळते, म्हणजे शोध तिच्या माहेरच्या गावात करावा लागतो. हक्कसोडपत्र, म्हणजे बहिणीने हिस्सा सोडल्याचा दस्त, हाही तिचे नाव, नवऱ्याचे नाव आणि सासर एकत्र सांगणारा कागद. लग्नानंतर नाव बदलायची चाल असल्याने दोन्ही नावे लिहा.

१०. जपणे आणि वाटणे

प्रत्येक नावापुढे ते कुठून मिळाले तेही लिहा: फेरफार क्रमांक, शाळा, वहीचे पान किंवा ‘मोठ्या आत्याने सांगितले’. ऐकीव माहिती चालते, फक्त ती ऐकीव आहे असे लिहिलेले असावे. संगणकावर ठेवायचे तर ग्रॅम्प्स नावाचा फुकट कार्यक्रम आहे. तो ‘गेडकॉम’ या सर्वांना वाचता येणाऱ्या प्रकारात फाइल देतो, म्हणजे पुढे दुसरीकडे हलवता येते.

फॅमिलीसर्चवरचा वंशवृक्ष सगळ्यांचा सामायिक असतो. कुणीही येऊन त्यात बदल करू शकतो. म्हणून मूळ प्रत आपल्याकडेच ठेवा. हयात माणसांच्या जन्मतारखा, आधार आणि रेशनकार्डाचे फोटो कुठेही चढवू नका, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नाही. जमिनीचे कागद वाटताना ‘हे फक्त वंशावळीसाठी’ असे आधी सांगावे, नाहीतर भावकीत गैरसमज व्हायला वेळ लागत नाही.

यंदा गणपतीला मुंबईची मंडळी गावात आली की काढलेल्या वंशावळीची छापील प्रत ओटीवर लावा आणि शेजारी पेन ठेवा. चुका दाखवायला लोक आपणहून पुढे येतात. प्रत्येक दुरुस्तीखाली सांगणाऱ्याचे नाव लिहून घ्या, आणि सण आटोपला की ती दुरुस्ती फेरफाराशी ताडून पाहा.