हवा तोलणारी तार

एक लिटर पेट्रोल नीट जळायला हवा किती लागत असेल? दहा लिटर? शंभर? जवळजवळ नऊ हजार लिटर! एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, असा हा हिशेब. म्हणजे ३५ लिटरची टाकी संपेपर्यंत गाडी जेमतेम २६ किलो पेट्रोल पिते आणि पावणेचारशे किलोंवर हवा खाते. पंपावर आकड्याकडे डोळे लावून आपण पैसे मोजतो ते चटणीचे. जेवण गाडी फुकटात ओढत असते.

हे प्रमाण पाळायचं तर हवा तोलावी लागते, नुसती मापून भागत नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठा. सिलिंडर तेवढाच, त्यात मावणारी हवाही तेवढीच, पण तिचं वजन दहा टक्क्यांहून अधिक घटलेलं! मग या धावत्या वाऱ्याला पारड्यात घालायचं कसं?

उत्तर आपल्या चहाच्या बशीत आहे. फुंकर घातली की चहा निवतो, जोरात घातली की लवकर निवतो. तेव्हा चहा किती निवला ते पाहिलं, की फुंकर केवढी होती ते कळलं! तापलेल्या बारीक तारेवरून वारा गेला की ती किती उष्णता गमावते, याचं गणित मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या लुई किंग यांनी १९१४ मध्ये मांडलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉश कंपनीने ती तार मोटारीत बसवली. त्याआधी आत येणारी हवा एक झडप ढकलायची आणि झडप किती उघडली यावर अंदाज बांधायचा. तार आली आणि झडप गेली.

एअर फिल्टरच्या डब्यातून इंजिनकडे जाणाऱ्या नळीत ही प्लॅटिनमची तार बसते. जाडी केसाएवढी. आत येणाऱ्या हवेपेक्षा तिला साधारण शंभर अंश जास्त तापलेलं ठेवायचं, हा नियम. हवा तिला निववते, सर्किट लगेच वीज वाढवून तिला पुन्हा तापवतं. किती वीज लागली, तेच हवेचं वजन! विरळ हवेत धडकणारे कण कमी, म्हणून ती उष्णताही कमी पळवते. घाटाचा हिशेब आपोआप सुटतो. (आता तारेऐवजी बहुधा पातळ पापुद्रा असतो. कित्येक छोट्या गाड्या तर नळीतल्या दाबावरूनच वजन काढतात.)

मग हा तराजू बिघडतो कसा? तारेवर धुळीचं, तेलाचं पांघरूण चढतं. पांघरुणात थंडी कशी वाजणार! वीज कमी लागते, इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला वाटतं हवाच कमी आली, तो पेट्रोलचा हात आखडतो. गाडी पिकअप घेत नाही, चढावर झटके देते. अशा वेळी जाणते मेकॅनिक या तारेच्या सेन्सरचा कनेक्टरच काढून बघतात आणि कधी कधी गाडी चक्क सुधारते! खोटं बोलणारा साक्षीदार गप्प झाला, की कॉम्प्युटर इतर सेन्सरांवरून आपला अंदाज चालवतो. एवढी साधी, बिनखर्चाची परीक्षा मला तरी दुसरी ठाऊक नाही.

पूर्वीच्या सेन्सरांना तर स्वतःची साफसफाई यायची. इंजिन बंद केलं की तार सेकंदभर हजार अंशांच्या आसपास लालभडक व्हायची आणि वरची घाण जाळून टाकायची.

आता ती घाण आपणच काढायची, नाहीतर सेन्सर बदलायचा. नवा सेन्सर बसवणं हे काम दहा मिनिटांचं. पण आधी हा सेन्सर साफ करण्यासाठीच मिळणारा स्प्रे मारून बघावा. बोट, कापूस किंवा हवेचा प्रेशर त्या तारेला लावू नये. तेवढ्याने भागलं नाही तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, कनेक्टर काढा, बहुतेक गाड्यांत दोनच स्क्रू असतात ते फिरवा. नव्या सेन्सरवरचा बाण इंजिनच्या दिशेने, की झालं.

पण थांबा, कॉम्प्युटरचं काय? सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर त्याला महिनोन्‌महिने सांगत होता की पेट्रोल कमी पडतंय. त्यामुळे त्याने लबाड तराजूला मुकाट्याने पासंग बांधून ठेवलेला असतो! तराजू बदलला, पासंग तसाच राहिला, तर इंजिनाला पेट्रोल जास्त जाणार. म्हणून मेकॅनिक स्कॅनर जोडून ती जुनी शिकवण पुसतो. मग गाडी एक फेरी मारून येते आणि कॉम्प्युटर नव्या तारेचं म्हणणं पुन्हा पहिल्यापासून ऐकू लागतो.