गोचीड औषधास दाद कां देत नाहींत?

श्रीक्षेत्र कौंडण्यपूर वर्धा नदीच्या कांठीं असून पैलतीरीं आर्वी तालुका लागतो. या दोन्ही तीरांवर पावसाळा सरतांना एक तक्रार नेहमीं ऐकूं येते : "पूर्वीं एका फवाऱ्यांत गोचीड झडत, आतां दोनदां मारलें तरी ते जागचे हलत नाहींत. औषधांत भेसळ असावी." भेसळ कोठें असेलही, परंतु बहुतेक ठिकाणीं दोष बाटलीचा नसून वापरण्याच्या रीतीचा आहे, असें आमचें मत आहे. याचा विचार वेळींच न केल्यास हातचीं दुभतीं जनावरें गमावण्याची पाळी येईल.

कपाशी पिकविणारास हा प्रकार नवा नाहीं. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भांत बीटी कपाशीचा जो नाश केला, तो वाचक विसरले नसतील. जें वाण अळीस मारी, तेंच अळीनें पचविलें. गोचिडांची रीतही हीच. हजारांत एखाद-दुसरा गोचीड जन्मतःच औषध सोसणारा असतो. बाकीचे मरतात, तो वांचतो व त्याची प्रजा वाढते. तेंच औषध वर्षानुवर्षें वापरल्यास पुढें सोसणारेच शिल्लक राहतात. ऑस्ट्रेलियांत प्रथम सोमलाच्या पाण्यांत गुरें बुडवीत. १९३६-३७ च्या सुमारास सोमल निरुपयोगी ठरूं लागला. मग डीडीटी आलें, तेंही थोड्याच वर्षांत थकलें. त्यामागून आलेल्या औषधांचीही तीच गत झाली. आपल्या देशांतही सायपरमेथ्रिन व डेल्टामेथ्रिन यांस न जुमानणारे गोचीड अनेक प्रांतांत आढळले आहेत.

ही सवय गोचिडांस आपणच तीन प्रकारें लावतों. पहिला, काटकसर. एका जनावराचें औषध पाणी वाढवून चार जनावरांस पुरविलें, कीं अर्धवट मात्रेनें दुबळे तेवढे मरतात व बळकट मागें राहतात. दुसरा, नुसती पाठ भिजविणें. गोचीड कानांत, शेपटीखालीं, कांसेजवळ व जांघांत दडतात. तेथें औषध पोंचतच नाहीं. तिसरा, बाटली बदलली म्हणजे औषध बदललें असें समजणें. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, फ्लुमेथ्रिन हीं सर्व एकाच कुळांतील होत. दुकानदारानें निराळ्या नांवाची बाटली दिली, तरी गोचिडास ती ओळखीचीच असते. अमिट्राझ मात्र निराळ्या कुळाचें आहे. तें घोड्यास कदापि लावूं नये. आयव्हरमेक्टिनचें इंजेक्शन तिसऱ्या कुळाचें. तें दुभत्या जनावरास पशुवैद्याच्या सल्ल्यावांचून देऊं नये, कारण तें दुधांत उतरतें. कपाशीवरील औषध गुरांच्या अंगावर मारण्याची चाल तर सर्वस्वी टाकून द्यावी. त्याची तीव्रता निराळी असते. जनावरास व फवारणारास दोघांसही अपाय होतो.

आतां खरा शत्रु कोठें राहतो तें पाहूं. गुरांवर जे गोचीड दिसतात ते एकंदर संख्येचा लहानसा भाग होत. बाकीचे अंडीं व पिलें या रूपानें गोठ्यांत आणि कुरणांत असतात. रक्त पिऊन टरारलेली मादी खालीं गळून पडते, भिंतीच्या भेगेंत किंवा गवताच्या बुडाशीं दोन ते तीन हजार अंडीं घालते व मरते. त्यांतील शेंकडा दोनच पिलें तगलीं असें धरलें, तरी अडीच हजारांतून पन्नास तगतात. त्यांत पंचवीस माद्या. दुसऱ्या पिढीस सहाशें पंचवीस व तिसरीस पंधरा हजार सहाशें पंचवीस माद्या होतात. हा हिशेब मांडून पाहिल्यावर केवळ गाईची पाठ फवारण्यांत किती अर्थ आहे, तें वाचकांनींच ठरवावें.

म्हणून पुढील क्रम ठेवावा. गोठ्याच्या भिंतीच्या भेगा व गव्हाणीखालच्या फटी लिंपून चुना द्यावा. शेण-कचरा रोज काढून उकिरडा गोठ्यापासून दूर करावा. जनावर फवारावें त्याच दिवशीं रिकामा गोठाही फवारावा व दोन-तीन आठवड्यांनीं दोन्ही पुन्हां करावें, कारण मधल्या काळांत नवीं पिलें निघतात. औषधाची मात्रा वेष्टणावर लिहिल्याबरहुकूम मापानें घ्यावी. अंदाजानें घेऊं नये. गांवांतील सर्वांनीं एकाच आठवड्यांत हें काम करावें, नाहींतर शेजारच्या गोठ्यांतून गोचीड परत येतात. पुरी मात्रा देऊनही तीन दिवसांनंतर गोचीड जिवंत दिसल्यास तेंच औषध वाढवूं नये. पशुवैद्यास दाखवून कूळ बदलावें. फवारलेलीं गुरें नदींत धुऊं नयेत. हीं औषधें मासळीस फार घातक आहेत. पोळ्याच्या आधीं फवारणी करणारांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. हातानें काढलेले गोचीड बोटांनीं चिरडूं नयेत, उकळत्या पाण्यांत टाकावेत. काँगो ताप नांवाचा माणसांचा प्राणघातक रोग गोचिडांमार्फत येतो; तो आपल्या देशांत गुजरातेंत २०११ च्या आरंभीं प्रथम निश्चित झाला.

गोचिडांनीं केवळ रक्त जातें असें नाहीं. थायलेरियाच्या तापांत खांद्यापुढील गांठ सुजते, ताप चढतो व हिरड्या पांढऱ्या पडतात. बॅबेसियांत लघवी कॉफीच्या रंगाची होते. दोहोंवर औषध आहे, पण उशीर झाल्यास उपयोग नाहीं. आर्वीकडील पांढरी गवळाऊ गाय हीं संकटें पुष्कळ अंशीं सोसते; जर्सी-होल्स्टीनच्या संकरित गाईस मात्र तीं लवकर खालीं पाडतात. संकरित गाय घेतांना दुधाचा हिशेब करावा तसा गोठ्याचाही करावा. थायलेरियावरील लस आपल्या देशांत तयार झालेली आहे. संकरित वासरांकरितां पशुवैद्याकडे तिची चौकशी अवश्य करावी.

निंब व करंज यांच्या तेलानें गोचीड कमी चिकटतात, तें जोडीस ठेवावें. पण त्यावरच विसंबूं नये. उन्हाळ्यांत गोठे कोरडे व रिकामे करणें सोपें असतें, तोच लिंपणाचा व चुन्याचा काळ. ज्येष्ठ लागण्यापूर्वीं गांवच्या पारावर एक बैठक घेऊन कोणत्या आठवड्यांत कोणतें औषध वापरावयाचें तें ठरवावें, व त्याची नोंद ठेवावी. पुढच्या वर्षीं कूळ बदलतांना ती वही कामास येईल.