खंडेपूजेआधीच्या आठ माळा

पांडव अज्ञातवासासाठी विराटनगरीत शिरले, तेव्हा त्यांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली, ही कथा दसऱ्याच्या निमित्ताने आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. परंतु तिच्यातील एक बारीकसा तपशील सहसा कोणी सांगत नाही. विराटपर्वात असे वर्णन आहे की, शस्त्रे झाडावर चढविण्यापूर्वी पांडवांनी आपापल्या धनुष्यांच्या दोऱ्या उतरविल्या; मग नकुल वर चढला आणि जिथे पावसाचे पाणी पोहोचणार नाही अशी जागा हेरून त्याने ती शस्त्रे दोरांनी घट्ट बांधली. वर्षभर ताणून ठेवलेले धनुष्य आपली लवचिकता गमावते आणि भिजलेले लोखंड गंजते, हे त्या वीरांना पक्के ठाऊक होते. म्हणूनच अर्जुनाने उत्तराकरवी शस्त्रे खाली उतरवून घेतली, तेव्हा गांडीव ऐन वेळी कामास आले. खंडेनवमीच्या ज्या पूजेचा वारसा आपण सांगतो, तिच्या मुळाशी अशी ही निगा आहे.

आमच्या कबनूरसारख्या गावात खंडे म्हणून पुजायला तलवार फारशी कोणाच्या घरी नाही. इचलकरंजीला अगदी लागून असलेल्या या गावात यंत्रमागाचा आवाज हाच दिवसरात्रीचा सोबती. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे तो उद्योग भोवतालच्या गावांतही रुजला. खंडेनवमीला माग थांबतात. साच्यावर साचलेली सुताची धूळ झाडली जाते. धोटे, पाने, पकडी पाटावर मांडल्या जातात. शेतकऱ्याघरी विळा, कुऱ्हाड आणि कुळवाची फास पुजली जाते. आणि अंगणात, दारच्या रांगोळीशेजारी, झेंडूची माळ घालून उभी असते ती घरची गाडी. पूर्वी दसऱ्याला घोड्यांची पूजा होई. आज त्या जागी गाडी आली आहे. आमच्या दारी तर ती नावानेही घोडाच आहे, चेतक!

वडिलांची गाडी

बजाज कंपनीने १९७२ साली महाराणा प्रतापांच्या अश्वाचे नाव देऊन ही स्कूटर बाजारात आणली. त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, हे आजच्या पिढीला सांगूनही पटत नाही. आमच्या वडिलांची चेतक घरी आली ती १९८७ साली. कंपनीने २००९ साली स्कूटर बनविणे थांबविले. पुढे त्याच नावाची गाडी पुन्हा रस्त्यावर आली, ती विजेवर चालणारी. आमची मात्र अजून पेट्रोल आणि टू-टी ऑइल पिते, आणि थंडीच्या सकाळी आठ-दहा किका खाल्ल्याशिवाय बोलत नाही. कायद्याने खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. त्या परीक्षेतून ती आजवर उत्तीर्ण होत आली आहे.

हे सारे अभिमानाने सांगत असलो, तरी एका वर्षीच्या दसऱ्याची आठवण झाली की आमची मान खाली जाते. त्या खंडेनवमीला आम्ही गाडी पाइप लावून धुतली, हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवले. मागच्या ब्रेकचे पेडल काही दिवसांपासून थोडे अधिक खाली जात होते. ‘दसरा झाला की बघू,’ असे म्हणून आम्ही ते टाळले होते. दुसऱ्या दिवशी सोने वाटायला धाकट्या मुलाला पुढे उभे करून निघालो. उतारावर समोर म्हैस आडवी आली. पाय दाबला, तो पेडल थेट फळीला टेकले. वायर तुटली होती. पुढच्या ब्रेकने गाडी पुरेशी आवरेना, तेव्हा रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात घालण्यावाचून गत्यंतर उरले नाही. मुलाच्या हनुवटीला तीन टाके पडले. त्याच्या मुठीतली आपट्याची पाने दवाखान्यापर्यंत तशीच होती.

गाडी ढकलत नेली तेव्हा मेस्त्रींनी तुटकी वायर हातात घेऊन पाहिली. पेडलपाशी जिथे ती वळते, तिथल्या बहुतेक तारा गंजून आधीच तुटलेल्या होत्या. दोन-तीन तारांवर आम्ही कित्येक दिवस फिरत होतो. ते एवढेच म्हणाले, “गाडी पुजलासा, पण वायर बघितली न्हाईसा.”

दर माळेला एक काम

त्या वर्षापासून आमच्या घरी एक रिवाज पडला आहे. घटस्थापनेपासून अष्टमीपर्यंत देवीला रोज एक माळ चढते; त्याच आठ दिवसांत रोज संध्याकाळी अर्धा तास गाडीला द्यायचा. फार मोठी अवजारे लागत नाहीत. दहा-अकरा आणि बारा-तेराचे पाने, प्लगपाना, डिसमिस, पक्कड, पॉलिश पेपर, ग्रीसचा डबा आणि जुन्या धोतराच्या चिंध्या एवढ्यावर भागते. हनुवटीवर व्रण असलेला मुलगा आता मोठा झाला आहे. पाने तोच हाताळतो, आम्ही कंदील धरल्यासारखी बॅटरी धरतो.

पहिल्या माळेला गाडी पुसून प्रत्येक नट हाताखालून घालायचा. पुसता पुसता डोळ्यांना जे दिसते, ते पाण्याच्या झोतात दिसत नाही: तेलाचा ओघळ, चिरलेले रबर, सैल झालेला बोल्ट. दुसऱ्या माळेला प्लग. प्लगचे तोंड तपकिरी असेल तर इंजिनाची प्रकृती ठीक. काळी काजळी असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त होते आहे. पांढरट असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन तापते आहे, असे समजावे. प्लगची फट सुमारे ०.६ मिलिमीटर राखावी. पॉइंटचे मुख घासून स्वच्छ करावे; त्याची फट कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे फिलर गेजने मोजावी, अंदाजाने नव्हे.

तिसऱ्या माळेला कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची नळी. येथे अलीकडे एक नवी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. आपल्या जिल्ह्यातला ऊसही त्या इथेनॉलमध्ये आहे, याचा आनंदच आहे. पण जुन्या गाड्यांची रबरी नळी आणि वाशर या मिश्रणासाठी बनविलेली नव्हती. ती फुगतात, ठिसूळ होतात. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नये. नळी चिरलेली दिसली तर ती बदलावी, तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळू नये.

चौथी आणि पाचवी माळ आम्ही वायरी आणि ब्रेक यांसाठी राखून ठेवली आहे. ललितापंचमीला करवीरात अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या भेटीला जाते. त्या संध्याकाळी आमच्या अंगणात मागचे चाक उतरलेले असते. वायर तपासताना तिची दोन्ही टोके पाहावीत. मधली वायर आवरणात सुखरूप असते. तुटते ती टोकाला किंवा वळणावर. एकही तार उसवलेली दिसली, तरी वायर बदलायची, हा आमच्या घरचा आता अलिखित कायदा आहे. नव्या वायरीला आवरणात सरकवण्याआधी ग्रीस चोळावे. क्लचची आणि गिअरची एकेक वायर गाडीत जादा ठेवावी, ही जुन्या चेतकवाल्यांची रीत अजून मोडू नये.

ब्रेकचे लायनर झिजून शूच्या धातूपर्यंत आले असतील तर विलंब करू नये. ड्रममधली काळी धूळ मात्र कधीही तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की तिथेच राहतात. ओल्या चिंधीने पुसून ती चिंधी पिशवीत बांधून टाकावी. आम्ही लहानपणी हीच धूळ फुंकून उडविली आहे. तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

सहाव्या माळेला टायर. चेतकची चाके एकमेकांच्या जागी बसतात आणि स्टेपनी सोबत असते, ही मोठी सोय. पण तिची रिम दोन भागांची असते. हे भाग एकमेकांपासून सोडविण्यापूर्वी ट्यूबमधली सगळी हवा काढलीच पाहिजे; अन्यथा दाबाने रिमचा भाग उसळून अंगावर येतो. सातव्या माळेला दिवे, हॉर्न आणि विजेच्या तारा. आठव्या दिवशी गिअर ऑइल. उतरवलेले काळे तेल गटारात ओतू नये. आपल्या गटारांचा शेवट पंचगंगेत होतो आणि त्या नदीने आधीच पुष्कळ सोसले आहे. ते डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे.

इंजिन उघडणे, बोअर करणे, क्रँकचे बेअरिंग बसविणे ही मात्र घरची कामे नव्हेत. ती मेस्त्रींची. जुना भाग दुकानात मिळत नसेल, तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर बुश कातून देणारे हात आजही आहेत. आपण काय करायचे नाही, हे कळणे हाही देखभालीचाच भाग होय.

दसरा चौकातील मेबॅक

जुन्या वाहनाचा मान कसा राखावा, याचा थोर दाखला आपल्या जिल्ह्यातच आहे. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्यातील मंडळी ज्या मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येतात, ती १९३०च्या दशकात जर्मनीत बनलेली, राजाराम महाराजांच्या काळातील. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिच्या कारखान्याने मोटारी बनविणे थांबविले. म्हणजे तिचे सुटे भाग दुकानात मिळण्याचा काळ केव्हाच सरला. तरीही सूर्यास्ताच्या सुमारास ती चौकात येते, पालख्या येतात, शमीपूजन होते आणि सोने लुटले जाते. टाळ्या त्या काही मिनिटांना मिळतात. परंतु वर्षभर कोणीतरी तिचे वंगण पाहिलेले असते, इंजिन चालवून ठेवलेले असते, म्हणून ती मिनिटे येतात.

आता प्रत्यक्ष पूजेविषयी दोन शब्द. गाडी पुजताना पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि निरांजन, कापूर, उदबत्ती तिच्यापासून दूर ठेवावी. झेंडूची माळ हँडलला घालावी, पण गाडी चालविताना ती काढून ठेवावी. ब्रेकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीत दोरा अडकला तर तोच घात करतो. कुंकवाचे बोट दिव्याला लावतो, तसे ब्रेकच्या पेडललाही लावावे. आमच्या घरी पहिले बोट तिथेच लागते.

यंदाही खंडेनवमीला अंगणात पाट मांडला जाईल. त्यावर वडिलांच्या काळातला दहा-अकराचा पाना असेल, त्यांच्या हाताने गुळगुळीत झालेला. दुसऱ्या दिवशी मुलगा आपल्या लेकीला घेऊन त्याच उतारावरून सोने वाटायला निघेल. निघण्यापूर्वी तो दोनदा पेडल दाबून पाहील. आम्ही काही बोलणार नाही. वाचकांनीही आपापल्या दारची गाडी एकदा अशीच तपासून घ्यावी आणि मगच सोने लुटायला बाहेर पडावे, एवढीच विजयादशमीनिमित्त सदिच्छा.